मांडीवरची पिशवी आणि मालोजीरावांचे दात

मालोजीरावांचे दात मी पळवले. तसा हेतू नव्हता. रेल्वे स्टेशनच्या थांब्यावर घाईत उतरताना एक काळी रेक्झिनची पिशवी ओढून घेतली आणि कंत्राटदाराच्या ऑफिसात येऊन नकाशे काढत बसलो. जेवणाच्या सुट्टीत पिशवी उघडली, तर भाकरीच्या डब्याच्या जागी प्लास्टिकच्या छोट्या डब्या आणि प्रत्येक डबीत कुणाचं तरी हसू. वरचा जबडा, खालचा जबडा, गुलाबी हिरड्यांसकट. समोरच्या टेबलावरचा चिदंबर डोकावला आणि शांतपणे म्हणाला, "आज डब्यात मांसाहार दिसतोय."

एका डबीवर चिठ्ठी होती: मालोजीराव, वरुणा. ती वाचली आणि माझी भूक मेली. त्याच दुपारी वरुणा या गावी मालोजीरावांच्या नातीचा साखरपुडा होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण सकाळी बसमध्ये मेटगळ्ळीपासून स्टेशनपर्यंत मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. त्या दातांवर एका माणसाची उभ्या जन्माची आशा टांगलेली होती, आणि ती मी पट्टी-पेन्सिलीशेजारी मांडून बसलो होतो.

त्या माणसाचं नाव शांतवन आढाव.

म्हैसूरच्या शहर बसमध्ये एक रीत आहे. जागा मिळाली नाही तर उभ्या माणसानं आपली पिशवी बसलेल्याच्या मांडीवर द्यायची. ओळख लागत नाही, विचारावंही लागत नाही. बसलेला माणूस हात पुढं करून घेतो आणि थांबा आला की मुकाट परत देतो. आमच्या जतला असं कुणाच्या मांडीवर पिशवी ठेवली, तर त्यानं आधी आडनाव विचारलं असतं आणि मग आत काय आहे ते चाचपलं असतं. इथं दोन्ही नाही. भल्या लोकांची ही भली रीत आहे. आढावांनी तिचं काय केलं ते बघण्यासारखं होतं.

आढाव मेटगळ्ळीत राहायचे. मीही तिथंच, कारखान्यांच्या मागं, एका खोलीत. बस तिथूनच सुटते, त्यामुळं त्यांना हमखास जागा मिळायची. खिडकीची जागा रिकामी असली तरी ते कडेलाच बसायचे. खिडकीकडं पिशव्या येत नाहीत.

"दे इकडं. जड आहे की," एवढंच ते म्हणायचे. पिशवी मांडीवर गेली की माणूस अडकला. आता त्याला मागं सरकता येत नाही, पाठ फिरवता येत नाही, आणि ज्यानं आपलं ओझं धरलंय त्याला 'गप्प बसा' तर कोणत्या तोंडानं म्हणणार?

येशूपासून ते कधीच सुरुवात करत नसत. तेवढं राजकारण त्यांना कळत होतं. सुरुवात पिशवीपासून. वह्या असल्या तर परीक्षेची चौकशी, औषधाचा वास आला तर दुखण्याची. "घरात कोण आजारी?" असं विचारायचे आणि मग खरोखर ऐकायचे. हा त्यांच्यातला सगळ्यांत धोकादायक गुण. माणूस स्टेशन येईपर्यंत सासू, सून, मुलाची नोकरी, सगळं सांगून मोकळा व्हायचा. मग आढाव हलकेच म्हणायचे, "मी प्रभूच्या कानावर घालतो. माझं रोजचं बोलणं असतं." जणू कचेरीत मेहुणा बसलाय.

मी एकदा विचारलं, "काका, हे सांगायला तुम्हाला कुणी नेमलंय का?"

"कोण नेमणार? मी कुणाच्या दारात जात नाही, जतकर. बस नेईल तिकडं जातो. लोकच मांडीवर येऊन पडतात."

ते पाद्री नव्हते. शहरातल्या एका दंतवैद्याकडं कवळ्या पोचवण्याचं काम करायचे. डॉक्टर खेड्यापाड्यांत जाऊन मापं घेऊन यायचे आणि तयार झालेल्या कवळ्या आढाव ज्याच्या त्याच्या घरी नेऊन बसवायचे. कुठं टोचलं तर खिशातली बारीक कानस काढून तिथल्या तिथं घासून द्यायचे. पण कंडक्टर व्यासराजपासून भाजीवालीपर्यंत सगळे त्यांना 'पाद्री'च म्हणायचे. नाही म्हणून म्हणून ते थकले होते.

त्यांचे आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकी म्हणून इकडं आले. तेव्हापासून घरात मराठी उरली ती प्रार्थनेपुरती. त्यामुळं बोलता बोलता त्यांच्या तोंडून अशी मराठी निघायची की वाटावं, शिलालेख बोलतोय, आणि शिलालेखावर कन्नडची फोडणी. माझी त्यांची ओळख भाषेमुळंच झाली. माझ्या पायावर कुणीतरी टाच दिली, मी अस्सल जतच्या बोलीत त्याच्या खानदानाची चौकशी केली, आणि पुढच्या बाकावरचा एक चेहरा उजळला. "मराठी का?" शिवी ऐकून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून माझी पिशवी त्यांची झाली.

आता एवढं बोलून निष्पन्न काय झालं म्हणाल, तर पुष्कळ झालं. एक वखारवाला त्यांचं ऐकून इतका भाविक झाला की दर मंगळवारी चामुंडीच्या पायऱ्या चढायला लागला. बायको रुसून माहेरी गेलेल्या एका मास्तरला त्यांनी प्रार्थनेचं महत्त्व पटवलं. त्यानं नंजनगूडला जाऊन अभिषेक केला, बायको परत आली, आणि प्रसाद त्यानं आठवणीनं आढावांना आणून दिला. जिल्ह्यातल्या देवळांची गर्दी वाढवण्यात आढावांचा जेवढा हात होता, तेवढा कुठल्या पुजाऱ्याचा नसेल. त्यांच्या चर्चच्या दारातून मात्र एकही माणूस आत आला नव्हता.

चर्चमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या वडीलमंडळींत जयशील मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. दर रविवारी उपासना सुटली की ते भर लोकांत विचारायचे, "काय आढाव, या आठवड्यात किती पिशव्यांचा उद्धार केलात?" लोक हसायचे. आढावही हसायचे. पण सोमवारी बसमध्ये मला म्हणायचे, "एक माणूस, जतकर. एकच. मास्तरांच्या डोळ्यांदेखत त्या दारातून आत आला पाहिजे." गुडघे गेले होते. वर्ष संपलं की काम सोडणार होते. काम सुटलं की बस सुटणार, आणि बस सुटली की मांडी रिकामी.

तो एक माणूस म्हणजे मालोजीराव, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मालोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. तलवारीबद्दल वरुण्याला जमीन मिळाली. आता जमिनीत ऊस, गोठ्यात दोन म्हशी, आणि तलवार भिंतीवर, तिच्याखाली दुधाच्या किटल्या. घोडा गेला तरी मालोजीरावांची मान घोड्यावरचीच राहिली. वरुण्याच्या बसमध्ये ते आढावांशी भांडायचे आणि ते भांडण दोघांनाही गोड लागायचं.

"एका गालावर बसली तर दुसरा पुढं करायचा म्हणतोस पाद्री? आमच्या घराण्यात असल्या माणसाला घोडा दिला नसता."

"खरंय सरदार. त्याला घोडा नव्हताच. गाढवावरून फिरायचा."

यावर मालोजीराव गावापर्यंत विचार करायचे. बाकीचे लोक ऐकून सोडून देत. हा एकटा परतून प्रश्न विचारायचा, म्हणून आढावांची आशा.

मग मालोजीरावांचे उरलेसुरले दात पडले आणि नातीचं लग्न ठरलं, एकदमच. त्यांच्या घरात साखरपुड्याला, ज्याला ते कन्नडात निश्चितार्थ म्हणतात, सर्वांत वडील माणसानं उभं राहून दोन्हीकडच्या मंडळींसमोर शब्द द्यायचा असतो: मुलीचं नाव, मुलाचं नाव, तिथी, आणि 'आम्ही मुलगी दिली.' मालोजीरावांनी आरशासमोर सराव केला तेव्हा शब्दाऐवजी वारा बाहेर पडला. कवळीचं माप दिलेलं होतं, पण ती होता होत नव्हती. शेवटी वरुण्याच्या बसमध्ये सगळ्यांसमोर म्हातारा म्हणाला, "पाद्री, शब्दाच्या आधी दात तोंडात आले तर एक रविवार तुझ्या देवळात येऊन बसतो. नाही आले तर या बसमध्ये तुझ्या देवाचं नाव पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

आढावांनी कबूल केलं. मग दवाखान्यात जाऊन कारागिराच्या मागं असे लागले की त्यानं कवळी वेळेआधी करून दिली, बहुधा पिच्छा सुटावा म्हणूनच.

त्या सकाळी ते नवा शर्ट घालून आले होते. "रविवारी मास्तरांचं तोंड बघायला ये," म्हणाले.

मला रात्रपाळीच्या भोंग्यांनी झोप लागली नव्हती. मी म्हणालो, "काका, दात द्यायचे आणि माणूस घ्यायचा, हा व्यापार झाला. यात देव कुठं आला?"

ते मांडीवरच्या पिशव्या सरळ करायला लागले. मलाही उगाच बोललो असं वाटलं, आणि वाटत असतानाच स्टेशन आलं. मांडीवर तीन काळ्या पिशव्या होत्या. मी एक ओढली. पुढचं सांगितलंच.

आमच्या मालकांना म्हणालो, "दात पोचवायला वरुण्याला जायचंय." ते म्हणाले, "आजी मेली यापेक्षा बरं आहे. जा."

वरुण्याच्या बसमध्ये उभं राहावं लागलं. एका सज्जनानं पिशवीसाठी हात पुढं केला. मी ती छातीशी धरून असा काही मागं सरकलो की तो पूर्ण प्रवासभर माझ्याकडं चोर म्हणूनच बघत होता.

मालोजीरावांच्या दारात मांडव होता. सून सुमित्राबाई पानांची ताटं घेऊन निघाल्या होत्या. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांनी ओळखलं.

"दात आणले? आता काय बसवता, आयतु की, झालं की सगळं. शब्द देऊन झाला मामंजींचा."

त्यांच्याकडूनच कळलं. आढाव वेळेवर पोचले होते. पाहुणे बसलेले, भटजी घड्याळाकडं बघतायत. आढावांनी मोठ्या रुबाबात पिशवी उघडली आणि सर्वांसमोर त्यातून माझा भाकरीचा डबा काढला. मग चटणीची पुडी. मग माझा नकाशे काढायचा गुण्या. मालोजीरावांनी भाकरीकडं पाहिलं आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "दात मागितले तर चणे पाठवले. तुझ्या देवाला म्हण कळते, नेमकी कळत नाही."

मुहूर्त थांबत नाही. म्हातारा तसाच उभा राहिला आणि शब्द दिला. कुणाला काय समजलं देव जाणे, कोणता देव ते मी सांगत नाही. मुलाचे आजोबा जगन्नाथराव प्रत्येक वाऱ्याला 'बरोबर, बरोबर' म्हणत गेले. मालोजीरावांच्या उभ्या आयुष्यात व्याह्यानं त्यांचं सगळं एका दमात मान्य करण्याची ही पहिली वेळ.

आढाव ओसरीच्या टोकाला, माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी टेकलो आणि कानात म्हणालो, "बस बंद पडली होती म्हणून सांगा की."

"बस वेळेवर होती."

"मग पिशवी मी नेली म्हणून सांगा."

"झालं सांगून. माझी चूक, असं सांगितलं. मांडीवरची पिशवी सांभाळणं माझं काम."

मी तत्त्वाचा माणूस. दुसऱ्याचं बोलणं खोडायचं नाही म्हणून गप्प बसलो.

फोटोवाला घाई करत होता. आढावांनी लगबगीनं कवळी बसवली. चावून बघा, हिरडीला लागतं का सांगा, वगैरे नेहमीचं काही नाही. मालोजीराव फोटोत राजासारखे हसले. मग आढावांकडं वळून नव्याकोऱ्या दातांनी स्वच्छ म्हणाले, "पैज संपली, पाद्री. आता बसमध्ये उसाच्या भावाचं बोलायचं."

"बरं सरदार," आढाव म्हणाले.

परतीच्या बसमध्ये एका बाईनं आपली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. आत औषधाच्या बाटल्या वाजत होत्या. बाईचे डोळे सुजलेले. आढावांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली, तोंड उघडलं, आणि मिटलं. ही वरुण्याची बस होती. पैज लागली होती ती याच बसमध्ये. शहर येईपर्यंत ते बाटल्या वाजू नयेत म्हणून पिशवी घट्ट धरून बसले. हा माणूस एकदा गप्प बसावा म्हणून मी कितीतरी सकाळी नवस बोललो होतो. तो गप्प बसला, तर बसचंच काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागलं.

उतरताना म्हणाले, "तुझी भाकरी तिथल्या पोरांनी खाल्ली. रविवारी उपासनेनंतर घरी जेवायला ये. मटण आहे."

रविवारी मी वेळेआधीच पोचलो, पण चर्चच्या आवारातल्या झाडाखाली थांबलो. आत गेलो असतो तर आढावांचा हिशेब उगाच बिघडला असता, आणि जतला कळलं असतं तर आमच्या आईनं मला वेगळ्या अर्थानं तारलं असतं. आत कन्नडात गाणं चाललं होतं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि फेटा बांधलेले मालोजीराव उतरले. गालावर रुमाल दाबलेला, कवळी दुसऱ्या हातात.

"तू तोच ना, दात आणणारा?" बोळक्या तोंडानं त्यांनी विचारलं. "पाद्री कुठाय?"

"आत. पण दवाखान्यात..."

"दवाखान्याला कुलूप. हिरडी सोलून निघालीय. पाद्री रविवारी कुठं असतो ते अख्ख्या बसला पाठ आहे. चल."

"मी आत जात नाही आजोबा."

"का? आत कुत्रं आहे?"

धर्मशास्त्रानं हा प्रश्न अजून विचारात घेतला नसावा. मालोजीरावांनी देवळासमोर काढतात तशा वहाणा काढून पायरीशी नीट जोडून ठेवल्या. मीही काढल्या. आतली सगळी मंडळी बूट-चपला घालून बसली होती, आणि आम्ही दोघे अनवाणी मधल्या वाटेनं चालत गेलो. फेटा बघून गाणं कडव्यातच अडखळलं.

त्या चर्चची एक पद्धत आहे. नवीन कुणी आलं की पाळक गाण्यानंतर विचारतात, 'पाहुण्यांना कुणी आणलं?' आणणाऱ्यानं उभं राहायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. पाळकांनी विचारलं. जयशील मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आढाव हळूहळू उभे राहिले.

आता नुसतं 'मी' म्हणायचं होतं. अक्षर एक, तेही दात नसले तरी उच्चारता येईल असं. लोकांनी टाळ्यांसाठी हात वरसुद्धा केले होते.

आढावांनी आधी फेट्याकडं पाहिलं, मग रुमालाकडं. "माझ्या ओळखीचे आहेत," ते म्हणाले. "पण उपासनेला नाही आले. त्यांची कवळी टोचतेय. परवा मी घाईत नीट बसवली नाही. आणि हा मुलगा माझ्याकडं जेवायला आलाय."

पहिल्यांदा मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, मग सगळेच. मास्तर शेजाऱ्याला म्हणाले, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "म्हणजे पिशवी याही वेळी रिकामीच." आढाव मान डोलवत बाहेर आले, मालोजीरावांना पायरीवर बसवलं आणि खिशातून कानस काढली. आत प्रवचन सुरू झालं. बाहेर कानशीचा आवाज. घासायचे, बसवायचे, 'चावा' म्हणायचे, पुन्हा काढायचे.

कवळी शेवटी नीट बसली. मालोजीरावांनी दात दोनदा एकमेकांवर आपटून पाहिले.

"पाद्री, 'मीच आणलं' असं म्हणाला असतास तर मी काय नाही म्हणणार होतो? माझ्या तोंडात दात तरी होते का?"

"तुमच्या तोंडात दात नव्हते, म्हणून मी खोटं बोलायचं?"

मालोजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. आतून मास्तरांचा खोकला ऐकू येत होता.

"आजचा रविवार धरू नकोस," मालोजीराव म्हणाले. "आज मी दातांच्या कामाला आलो. एक रविवार माझ्याकडं राहिला."

"पैज तर संपली, सरदार."

"पैजेचा नव्हे. असाच. आणि बसमध्ये बोलत जा. उसाच्या भावावर किती बोलणार? तो वाढतो कुठं?"

त्यांनी वहाणा घातल्या आणि रिक्षा शोधायला गेले. मटण चांगलं होतं. आढाव फारसे जेवले नाहीत, पण वाढताना गुणगुणत होते.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. आढावांनी काम सोडलं, तरी औषध आणायचं निमित्त करून मेटगळ्ळीहून बस धरतात आणि कडेलाच बसतात. मालोजीरावांचा रविवार अजून आलेला नाही. आधी नातीचं लग्न निघालं, मग ऊसतोडणी, मग म्हैस व्याली. मध्ये एकदा मला शहरात भेटले तेव्हा मी विषय काढला, तर म्हणाले, "राहिलाय म्हटलं ना. आमच्या घराण्यात शब्द दिलेला असतो." हा शब्द त्यांनी दात घालून दिला होता, हे मी मनात म्हटलं.

आढाव त्यांना आठवण करत नाहीत. चर्चमध्ये बाकावर स्वतःच्या शेजारची जागा तेवढी सोडून बसतात. मास्तर मुद्दाम तिथं आपली ओली छत्री आणून ठेवतात.

"ठेवा मास्तर," आढाव म्हणतात. "कुणी आलं तर मात्र उचलावी लागेल."